क्लीव्हलँडकर २०१६ म्हटलं की रडतात का?

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी अमेरिकेत क्लीव्हलँडला गेलाय. तिथले लोक २०१६ चा विषय निघाला की एकदम भावुक होतात म्हणतो. असं काय झालं होतं हो?

उत्तर : अहो, खेळातल्या विजेतेपदांचा ५२ वर्षांचा दुष्काळ संपला होता! १९६४ ला तिथल्या ब्राउन्स टीमनी अमेरिकन फुटबॉलचं विजेतेपद जिंकलं आणि मग बेसबॉल, बास्केटबॉल, फुटबॉल कशातच काही नाही, १९८९ ला मायकेल जॉर्डनने शेवटच्या क्षणी बास्केट टाकून त्यांच्या बास्केटबॉल टीमला घरी पाठवलं, १९९७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या फायनलमध्ये, समोरच्यांचे फक्त दोन खेळाडू आऊट करायचे होते तरी हातातोंडाशी आलेला घास गेला. सगळ्यात वाईट म्हणजे १९९५ च्या सीझननंतर मालकाने ब्राउन्स टीमच उचलून बाल्टिमोरला नेली, हे मला तरी कुठल्याही हरण्यापेक्षा क्रूर वाटतं.

आणि मग २०१६. क्लीव्हलँडची बास्केटबॉल टीम कॅव्हेलियर्स सात मॅचच्या फायनलमध्ये १-३ ने मागे, तिथून एनबीए (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) फायनल कुणी कधी जिंकलीच नव्हती. सातवी मॅच, स्कोअर ८९-८९, समोरच्या टीमचा इग्वोडाला हा खेळाडू सोपा बास्केट टाकणार तेवढ्यात कॅव्हेलियर्सचा स्टार लेब्रॉन जेम्स मागून धावत आला आणि बॉल बोर्डवरच अडवला, नंतर त्याच्याच टीममधल्या कायरीचा थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेला तीन गुणांचा बास्केट), आणि कॅव्हेलियर्स जिंकले. शिवाय लेब्रॉन शेजारच्याच अ‍ॅक्रनचा, म्हणजे घरचाच पोरगा! मुलाला सांगा, त्या मॅचची शेवटची दोन मिनिटं तरी नक्की बघ.