ध्रुवावरचं अस्वल नको, घरातला फ्रिज घ्या

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. पर्यावरणाचे जागतिक प्रश्न घ्या असं प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतात, पण मुलांना पोस्टर काढायला लावलं की दरवर्षी तेच, बर्फाच्या तुकड्यावरचं अस्वल आणि खाली ‘पृथ्वी वाचवा’. आमच्या गावात बर्फ म्हणजे गोळ्याचा! हे विषय मुलांच्या गळी उतरवायचे कसे?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, अस्वलाला यंदा सुट्टी द्या. पोरांना सांगा की घरच्या फ्रिजवरचं स्टिकर वाचून या. बहुतेक ते आत बाजूच्या भिंतीवर किंवा मागे कॉम्प्रेसरपाशी असतं (मागे मोठ्या माणसाने बघायचं, वायरींत पोरांचे हात नकोत), त्यावर गॅसचं नाव असतं, आर-१३४ए किंवा आर-६००ए, फार जुनाट फ्रिज असेल तर आर-१२ पण सापडेल. फक्त ‘तुझ्या घरचा’ असं विचारू नका, ज्याच्याकडे फ्रिज नाही ते पोर गप्प बसतं, मी ही चूक केलीय. वाडीप्रमाणे गट करा आणि कोल्ड्रिंकवाला, मेडिकल, डेअरी असं फिरवा.

आता त्या आर-१२ ची गोष्ट सांगा. आधीच्या फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू असायचे, म्हणून १९३० च्या सुमारास हा आला, पेटत नाही, विषारी नाही, सगळे खूश. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी सांगितलं की हा हवेत खूप वर जाऊन फुटतो आणि त्यातला क्लोरीन तिथला ओझोन खातो (सूर्याचे अतिनील किरण अडवणारा वायू), कंपन्यांनी अर्थातच उडवून लावलं. मग १९८५ ला अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्रावरच्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी आपली मोजमापं छापली, तिथल्या वसंतात ओझोन भयंकर घटत होता. दोनच वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ ला ओझोन खाणारे असे वायू कमी करायचा माँट्रियल करार झाला आणि पुढे जगातल्या झाडून सगळ्या देशांनी तो मान्य केला. भारत मात्र १९९२ ला आला, कारण आपलं म्हणणं होतं की घाण मुख्यतः श्रीमंत देशांनी केली तर गॅस बदलायचा खर्च आम्ही का सोसायचा? त्यासाठीचा निधी १९९० मध्ये लंडनला ठरला तेव्हा गाडी पुढे सरकली.

इथे थांबा आणि वर्गात भांडण लावा. मधल्या सुट्टीत सातवीने कचरा केला, झाडायचं मात्र सगळ्या शाळेने, चालेल का? माझा अनुभव असा की ही चर्चा तास संपला तरी संपत नाही, आणि जागतिक राजकारण यापेक्षा फार वेगळं नसतं खरं तर.

एक घोळ मात्र आधीच निस्तरा. ओझोनच्या भोकातून ऊन आत येतं म्हणून पृथ्वी तापते असं मुलं लिहितात, शिक्षकही लिहितात. तसं नाहीये. ओझोन कमी झाला की अतिनील किरण जास्त येतात, तापमानवाढ मुख्यतः कार्बन डायऑक्साइडसारखे वायू उष्णता अडवतात म्हणून होते. गंमत म्हणजे आर-१२ च्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला काही करत नाही पण उष्णता जबरदस्त अडवतो, वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १४३० पट. फ्रिजमध्ये १०० ग्रॅम गॅस धरा आणि फळ्यावर गुणाकार करायला लावा, १४३ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं येतं. म्हणून २०१६ ला रवांडातल्या किगालीत त्याच माँट्रियल करारात दुरुस्ती करून असे वायूही कमी करायचं ठरलं. आर-६००ए चा त्रास यात अगदी किरकोळ, पण तो पेटतो, म्हणजे पुन्हा काहीतरी आहेच. हे मुलांपासून लपवू नका, उलट यातच मजा आहे.

अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीला यायला साधारण २०६६ उजाडेल असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तेव्हा तुमचं वय किती असेल, काढा म्हणावं.

१६ सप्टेंबरला ओझोन दिन असतो, पण तेव्हा कधी गणपती तर कधी चाचणी, त्यामुळे ऑगस्टमध्येच उरकून घ्या, कोण विचारतंय.