हातचा सामना कोठे सुटतो?

प्रश्न : विजापूर रस्त्यालगतच्या आमच्या वसाहतीतील सोळा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल संघाचे काम मी पाहतो. या हंगामात बहुतेक सामन्यांत चेंडू आमच्याकडेच अधिक वेळ राहिला, संधीही आम्हाला अधिक मिळाल्या. तरी तीन सामने आम्ही एकेका गोलने गमावले. पहिल्यात पंचांनी आमच्याविरुद्ध फ्री किक दिली, मुले हुज्जत घालत राहिली आणि तेवढ्यात समोरच्यांनी चेंडू खेळून गोल केला. दुसऱ्यात गोलरक्षकाकडे मागे दिलेला चेंडू मुरमात अडून कमी पडला. तिसऱ्यात शेवटच्या मिनिटांत आमच्या बचावपटूने गरज नसताना पेनल्टी क्षेत्रात पाय घातला. रागावून झाले, समजावून झाले. आणखी काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या पत्रावरून असे दिसते की या तिन्ही गोलांच्या वेळी समोरच्या संघाला विशेष कौशल्य दाखवावे लागले नाही. आपली मुले खेळात कमी पडली असती तर उपाय लांबचा होता. येथे तो पुष्कळ जवळचा आहे, परंतु तो रागावण्यात नाही. मुलांना फुटबॉल शिकवताना आपण धावणारा चेंडू शिकवतो आणि थांबलेला चेंडू शिकवायचे राहून जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या गोलापासून सुरुवात करू. फ्री किक मिळालेल्या संघाने पंचांच्या शिट्टीची वाट पाहिलीच पाहिजे असा नियम नाही. पंचांनी कार्ड दाखवण्यासाठी किंवा अंतर मोजून देण्यासाठी खेळ थांबवून ठेवला नसेल, तर चेंडू जागेवर स्थिर ठेवून तो लगेच खेळता येतो. म्हणजे आपली मुले ज्या क्षणी पंचांकडे वळली, त्या क्षणी नियमाने खेळ सुरू होऊ शकत होता. हे मोठ्यांच्या बाबतीतही घडते. ७ मे २०१९ रोजी लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा परतीचा सामना होता. पहिला सामना बार्सिलोनाने ३-० असा जिंकलेला होता आणि लिव्हरपूलने या सामन्यात तीन गोल करून बरोबरी साधली होती. ७९व्या मिनिटाला लिव्हरपूलला कॉर्नर मिळाला. ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डने चेंडू ठेवला, सहकाऱ्यासाठी सोडून जातो आहे अशा रीतीने तो दोन-चार पावले बाजूला चालला, आणि बार्सिलोनाचा बचाव अजून लागलेला नाही हे दिसताच मागे फिरून त्याने चेंडू गोलसमोर मारला. बार्सिलोनाच्या बहुतेक खेळाडूंचे त्या क्षणी चेंडूकडे लक्षच नव्हते. दिवॉक ओरिगीने तो पहिल्याच स्पर्शात जाळ्यात धाडला आणि ४-० अशा विजयासह लिव्हरपूल अंतिम फेरीत गेले. त्या बार्सिलोना संघात जगातील उत्तम खेळाडू होते. चेंडू थांबला म्हणजे आपल्यालाही क्षणभर थांबता येते, एवढेच त्यांनी गृहीत धरले.

यावर उपाय सरावात करावा लागतो. सरावाच्या छोट्या सामन्यात मध्येच शिट्टी वाजवून कोणत्याही एका संघाला फ्री किक, कॉर्नर किंवा थ्रो-इन द्यावा आणि तो ताबडतोब खेळण्याची मुभा ठेवावी. ज्या मुलाची पाठ चेंडूकडे असेल त्याने एक फेरी बाहेर बसावे. आपापल्या जागी परततानाही चेंडूकडे तोंड ठेवून, मागे पाय टाकत परतायचे, ही सवय लागायला वेळ लागतो, पण एकदा लागली की सुटत नाही. पंचांशी बोलण्याचे काम फक्त कर्णधाराचे, हेही आधीच ठरवून द्यावे. हुज्जत घातल्याने निर्णय बदलत नाही, उलट पिवळे कार्ड मिळू शकते. आणि आपल्या बाबतीत तर त्या काही सेकंदांत बचावाची जागाच मोकळी राहिली.

दुसरा गोल आपल्या मैदानांशी जोडलेला आहे. सोलापुरातील मुले ज्या मैदानांवर वाढतात ती बहुतांशी मुरमाची, उन्हाळ्यात दगडासारखी कडक आणि जागोजागी भुसभुशीत अशी असतात. त्यावर हळू दिलेला चेंडू मध्येच अडतो किंवा उडी घेऊन दिशा बदलतो. दूरचित्रवाणीवर युरोपातील संघ गोलरक्षकापासून छोट्या पासांनी खेळ उभारताना मुले पाहतात आणि तसेच करू लागतात. परंतु तो खेळ पाणी मारलेल्या, सपाट कापलेल्या गवतासाठी आहे. गोलरक्षकाकडे चेंडू देऊच नये असे मी म्हणणार नाही, कारण मग संघाला घाबरून चेंडू भिरकावण्याची सवय लागते. मात्र दोन गोष्टी पाळाव्यात. चेंडू मागे द्यायचा असेल तेव्हा गोलरक्षकाने दोन खांबांच्या मध्ये उभे न राहता खांबाच्या बाहेरच्या बाजूला सरकून चेंडू मागावा. म्हणजे पास चुकला, उसळला, तरी फार तर कॉर्नर जाईल, गोल होणार नाही. आणि पास देणाऱ्याने तो जोरात, जमिनीलगत द्यावा. कमी पडलेला बॅकपास हा समोरच्या आघाडीपटूला दिलेला पास असतो.

याच संदर्भात नियमाची एक आठवण मुलांना करून द्यावी, कारण स्थानिक सामन्यांत ही चूक वारंवार दिसते. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत नाही, हे १९९२पासून सर्वांना ठाऊक आहे. सहकाऱ्याने थ्रो-इन करून थेट त्याच्याकडे टाकलेला चेंडूही हातात घेता येत नाही, हे मात्र अनेकांना माहीत नसते. दोन्ही वेळा समोरच्या संघाला अप्रत्यक्ष फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही) मिळते, तीही आपल्या गोलसमोर. थ्रो-इनच्या वेळी तोंड मैदानाकडे हवे, दोन्ही पायांचा काही भाग रेषेवर किंवा रेषेबाहेर जमिनीला टेकलेला हवा आणि चेंडू दोन्ही हातांनी डोक्यामागून, डोक्यावरून टाकायला हवा. एवढे चुकले की चेंडू समोरच्यांना जातो. २०१८च्या विश्वचषकात कझान येथे स्पेनविरुद्ध ०-१ने मागे असलेल्या इराणच्या मिलाद मोहम्मदीने अगदी अखेरच्या क्षणी कोलांटी घेऊन थ्रो-इन करण्याचा प्रयत्न केला, तो अर्ध्यावर सोडला आणि मग साधा थ्रो टाकला. इराणकडे वाया घालवण्याइतका वेळ तेव्हा उरलेला नव्हता.

आता तिसरा गोल. हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो चुकीच्या जागी थकव्यातून येतो. १४ जानेवारी २०१९ रोजी शारजा येथे आशियाई चषकात भारताला बाद फेरीत जाण्यासाठी बहरीनविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. सामना गोलशून्य चालला होता. भरपाई वेळेच्या पहिल्याच मिनिटात त्या दिवशीचा आपला कर्णधार प्रणय हलदर याने पेनल्टी क्षेत्रात प्रतिस्पर्ध्याला पाडले, जमाल रशीदने पेनल्टीवर गोल केला आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला गुवाहाटीत विश्वचषक पात्रता फेरीत ओमानविरुद्ध सुनील छेत्रीच्या गोलमुळे आपण पुढे होतो. ८२व्या आणि ९०व्या मिनिटाला गोल खाऊन तोही सामना १-२ असा गेला. या दोन्ही वेळी दोष एकेका खेळाडूच्या माथी मारणे सोपे होते. पण जो संघ बराच वेळ आपल्याच गोलसमोर गोळा होऊन चेंडू नुसता दूर मारत राहतो, त्याच्याकडे चेंडू दर काही सेकंदांनी परत येतो. असे होता होता शेवटी कोणाचा तरी पाय उशिरा पडणारच असतो. म्हणून आघाडीवर असताना किंवा बरोबरी हवी असताना संघाने चेंडू स्वतःकडे ठेवण्याचा, निदान तो कोपऱ्याकडे नेऊन श्वास घेण्याचा सराव केला पाहिजे.

आपल्याकडे यात उन्हाची भर पडते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीस अंशांच्या पुढे असतो आणि सायंकाळचे सामनेही तापलेल्या जमिनीवर होतात. अंगातील पाणी कमी झाले की पाय जड होतात हे सर्वांना कळते. त्याबरोबर निर्णयही मंदावतो, हे मात्र ध्यानात घेतले जात नाही. दमलेला बचावपटू अंगाने आडवा होऊन प्रतिस्पर्ध्याला बाहेरच्या बाजूला ढकलत नेण्याऐवजी एकदम पाय पुढे टाकतो, कारण पायातली ताकद संपत आली की एका झटक्यात सुटका करून घ्यावीशी वाटते. मध्यंतरापर्यंत थांबू न देता मुलांना अधूनमधून पाणी द्यावे, दमलेला बचावपटू वेळेवर बदलावा, आणि सरावाच्या अखेरीस, मुले थकलेली असतानाच, पेनल्टी क्षेत्रात पाय न घालता उभे राहून अडवण्याचा सराव करून घ्यावा. ताज्या पायांनी केलेला हा सराव सामन्याच्या शेवटी उपयोगी पडत नाही.

आणखी एक सुचवतो. प्रत्येक गोल खाल्ल्यानंतर एका वहीत त्याआधीच्या तीन-चार घडामोडी उलट क्रमाने लिहून काढाव्यात. बॅकपास कमी पडला, हे शेवटचे. त्याआधी पास देणाऱ्याला मधल्या फळीतून कोणी चेंडू मागितला होता का, आणि त्याहीआधी तो चेंडू आपल्या गोलकडे तोंड करून त्याला का घ्यावा लागला? अनेकदा खरी चूक ज्याच्याकडे कोणी पाहत नव्हते त्याची निघते. हंगामाच्या शेवटी ही वही चाळली, तर रागावण्याची वेळ क्वचितच आपल्यावर येईल.

प्रश्न : ११ जून २०२४ रोजी दोहा येथे विश्वचषक पात्रता फेरीत चेंडू गोलरेषेबाहेर जाऊनही कतारला भारताविरुद्ध गोल दिला गेला. ही उघड पंचांची चूक असताना आपल्या खेळाडूंना 'शिट्टीपर्यंत खेळायला हवे होते' असे ऐकवणे न्याय्य आहे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अक्कलकोट रोड

उत्तर : त्या गोलचा दोष खेळाडूंना देणे न्याय्य नाही. लालियानझुआला छांगटेच्या गोलमुळे भारत पुढे होता, चेंडू संपूर्णपणे रेषेबाहेर गेलेला होता, तो मागे ओढून ७३व्या मिनिटाला गोल झाला आणि त्या सामन्यात व्हिडिओ पंचांची सोय नव्हती. तो अन्यायच होता, आणि त्या पराभवाबरोबर पुढच्या फेरीचा मार्गही बंद झाला. तरीही लहान खेळाडूंना शिकवताना मी हेच सांगेन की रेषेबाहेर गेलेला चेंडू पंच देतात, आपण देत नाही. हात वर करून थांबल्याने आजवर कोणताही गोल अडलेला नाही. ८५व्या मिनिटाला कतारने दुसरा गोल केला. अन्यायानंतरची पहिली दहा मिनिटे संघाने कशी खेळावी, याचीही तयारी हवी. कर्णधाराने सर्वांना एकदा जवळ बोलावून प्रत्येकाची जागा पुन्हा सांगणे, एवढ्यानेही खूप फरक पडतो.

प्रश्न : माझा मुलगा शाळेच्या संघाचा गोलरक्षक आहे. आंतरशालेय सामन्यात साधा चेंडू त्याच्या हातातून निसटला आणि संघ हरला. सोबतची मुले त्याला टोचून बोलतात. आता तो मैदानावर जायला तयार नाही. आम्ही काय करावे?
— एक पालक, सात रस्ता

उत्तर : आपल्या मुलाला वाटणारे दुःख खरे आहे आणि 'काही झाले नाही' असे म्हणून ते झटकू नका. मध्यरक्षकाच्या दहा चुका सामन्यात विरून जातात, गोलरक्षकाची एकच फलकावर लागते. २०१०च्या विश्वचषकात इंग्लंडच्या रॉबर्ट ग्रीनच्या हातून अमेरिकेच्या क्लिंट डेम्प्सीचा साधा फटका निसटला आणि सामना १-१ बरोबरीत सुटला. २०१८च्या अंतिम सामन्यात फ्रान्सचा गोलरक्षक आणि कर्णधार उगो लोरिस याने मारिओ मांजुकिचला हुलकावणी देण्याच्या नादात त्याला गोल देऊन टाकला. पण फ्रान्सचे तेव्हा चार गोल झालेले होते, सामना ४-२ असा जिंकला गेला आणि लोरिसने विश्वचषक उंचावला. ही दोन उदाहरणे त्याला शेजारी शेजारी ठेवून सांगा. एक चूक केवढी ठरते हे बाकीच्या दहा जणांनी काय केले आहे यावर अवलंबून असते, हे त्याच्या सोबत्यांनाही कळायला हवे, आणि ते सांगण्याचे काम आपले नसून प्रशिक्षकांचे आहे.

त्या सामन्यात त्याच्या डोक्याला मार लागला होता का, हे मात्र अवश्य विचारा. २६ मे २०१८ रोजी कीव्ह येथे चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलच्या लोरिस कारियसने दोन ढोबळ चुका केल्या. करीम बेन्झेमाच्या पायाजवळून त्याने चेंडू फेकला आणि तो पायाला लागून गोलमध्ये गेला, पुढे गॅरेथ बेलचा लांबून मारलेला फटका त्याच्या हातांतून निसटला. रेआल माद्रिदने सामना ३-१ असा जिंकला. जगभर त्याची हेटाळणी झाली. काही दिवसांनी बोस्टनच्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितले की सामन्यादरम्यान त्याच्या मेंदूला धक्का बसलेला होता आणि त्याचा परिणाम त्याच्या खेळावर झालेला असणे शक्य आहे. डोक्याला धडक बसल्यावर उठून उभा राहिलेला मुलगा ठीकच असतो असे समजू नये. चक्कर, मळमळ, धूसर दिसणे किंवा गोंधळलेली उत्तरे यांपैकी काहीही दिसले तर त्याला लगेच बाहेर काढून डॉक्टरांकडे न्यावे, मग सामन्याचे काहीही होवो.

तसे काही नसेल, तर त्याला थेट सामन्यात उभे करण्याची घाई नको. प्रशिक्षकांना भेटून सरावानंतरची पंधरा-वीस मिनिटे त्याच्यासाठी मागून घ्या. जवळून, हळू, जमिनीलगत येणारे चेंडू त्याने गुडघा टेकवून, हातांमागे अंग आणून धरावेत, कारण मुरमावर चेंडू शेवटच्या क्षणी उसळतो आणि हात चुकले तरी तो छातीला किंवा मांडीला अडला पाहिजे. चेंडू मारण्यासाठी त्याला टोचून बोलणाऱ्या मुलांपैकीच दोघांना प्रशिक्षकांनी थांबवून घ्यावे, आणि शेवटची काही मिनिटे त्यांनाही हातमोजे घालून गोलमध्ये उभे करावे.