मन फिरलं की आधी पाय बघ

प्रिय यात्रेकरू,

सप्रेम आशीर्वाद.

चार आठवडे नेमाने चालणं झालं आणि पाचव्या आठवड्यात पहाटे उठावंसंच वाटेना, असं तू लिहिलंस. आपली श्रद्धाच कमी पडते, असा त्यातून तू काढलेला निष्कर्ष घाईचा आहे. लांबच्या पदयात्रेच्या तयारीत साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात उत्साह ओसरतो, आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा पायांत सापडतं.

चालायला लागल्यावर दम लवकर सुधारतो. दोन-तीन आठवड्यांत धाप लागायची थांबते आणि माणूस सहा किलोमीटरवरून एकदम बारावर उडी मारतो. पण स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे, नडगीचं हाड, तळव्याची कातडी यांना तोच भार पेलायला कितीतरी जास्त दिवस लागतात. मग नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागतो, सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाचेत कळ येते, घोट्यामागे ओढ बसते. शरीर तक्रार करत असतं आणि आपण तिला आळस म्हणतो. म्हणून स्वतःला बोल लावण्याआधी तीन गोष्टी तपास: गेल्या दोन आठवड्यांत अंतर किती वाढवलं, झोप किती झाली, आणि टाच व नडगी दाबल्यावर कुठे दुखतं.

दोन्ही पायांत सारखंच, बोथट दुखत असेल आणि दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर सुटत असेल, तर खुशाल चाल. एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल, चालताना दुखणं वाढत असेल, रात्रीही ठसठसत असेल किंवा लंगडायला होत असेल, तर त्याच दिवशी थांब आणि डॉक्टरांना दाखव. नडगीवर किंवा पावलाच्या वरच्या बाजूला असं दुखत असेल तर हाडाला बारीक तडा गेल्याची शक्यता असते. ते चालून मोकळं होत नाही, उलट चिघळतं, आणि यात्राच हुकते.

आता आखणी. निघायच्या आधी १६ आठवडे हाताशी असावेत. आठवड्यातून चार दिवस चालायचं: दोन दिवस ५ किलोमीटर, एक दिवस पाऊण तास चढ किंवा जिने, आणि एक दिवस लांब पल्ला. लांब पल्ला ८ किलोमीटरपासून सुरू कर, दर आठवड्याला दीड ते दोन किलोमीटर वाढव आणि प्रत्येक चौथ्या आठवड्यात तो एक तृतीयांशाने कमी कर. हा हलका आठवडा उत्साही लोक सर्वांत आधी गाळतात. पण वाढीचा खरा पाया तोच असतो, आणि मनाला उसंतही तिथेच मिळते. चौदाव्या आठवड्यापर्यंत २२ ते २४ किलोमीटर जमले की पुरे. यात्रेचं सगळं अंतर तयारीत चालून पाहायची गरज नसते.

नवव्या आठवड्यापासून लांब पल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीही चाल, आधी ८ आणि वाढवत नेऊन १५ किलोमीटर. त्या आठवड्यात ५ किलोमीटरचा एक दिवस गाळायचा. हा दुसरा दिवस मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. यात्रेत रोज कालच्याच थकलेल्या पायांनी उठायचं असतं, आणि ते जमतं हे एकदा कळलं की मनातली निम्मी धास्ती जाते.

वाट कशी आहे तेही पाहून घे. स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या फ्रेंच मार्गावर, फ्रान्समधल्या सां-झां-प्ये-द-पोर गावाहून निघाल्यास, पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत ओलांडताना १,२०० मीटरहून अधिक चढावं लागतं. आळंदीहून पंढरपूरला जाताना पुणे ते सासवड हा टप्पा लांबही आहे आणि त्यातच दिवे घाट येतो. जपानमधल्या शिकोकू बेटावरची ८८ मंदिरांची वाट सुमारे १,२०० किलोमीटरची, म्हणजे तिथे कस लागतो तो चिकाटीचा. वाटेत चढ असेल तर जिने उतरण्याचाही सराव ठेव. गुडघे आणि मांड्यांचा पुढचा भाग बोलायला लागतो तो उतरताना.

मनाला बांधून ठेवायला मोठे संकल्प फारसे कामी येत नाहीत, लहान व्यवस्था येतात. बूट, मोजे आणि पाण्याची बाटली रात्रीच दाराशी ठेव. पहाटे 'जावं की नको' हा प्रश्न अंथरुणात सोडवायचा नाही. बाहेर पडून दहा मिनिटं चालायचं आणि मग ठरवायचं. दहा मिनिटांनंतरही पाय जड वाटत असतील तर निमूट परत ये. तो दिवस वाया गेला असं समजू नकोस. लांब पल्ल्यासाठी जाऊन-येऊन अशी सरळ वाट निवड. घरावरून फेऱ्या मारल्या की प्रत्येक फेरीला दार दिसतं आणि अंतर अर्ध्यावर सुटतं. सोबती निवडायचा तर तुझ्यापेक्षा थोडा सावकाश चालणारा निवड. वेगवान माणसामागे धावून पहिल्या तासात दम जातो आणि पुढचं चालणं नकोसं होतं. पूर्ण वाक्यं बोलता येतील एवढीच गती ठेवायची.

फोनवरच्या रोजच्या पावलांच्या साखळीपासून सावध राहा. ती तुटू नये म्हणून लोक विश्रांतीच्या दिवशीही चालतात. त्यापेक्षा वहीत रोज एक ओळ लिही: किती चाललं, पाय कसे होते, मन कसं होतं. सहा आठवड्यांनी ती पानं चाळलीस की दिसेल, मन खचल्याची नोंद बहुतेकदा अपुऱ्या झोपेच्या किंवा मोठ्या उडीच्या शेजारी असते.

आणि निदान एक तास कानात काही न घालता चाल. जप, प्रार्थना किंवा नुसता श्वास, जे तुझं असेल ते पावलांच्या लयीत बसू दे. यात्रेच्या चौथ्या-पाचव्या दिवशी पाय बधिर होतात तेव्हा हीच लय पुढे नेते, आणि ती आयत्या वेळी येत नाही.

फोडांबद्दल नीट वाच, कारण कितीतरी जण इथेच माघार घेतात. ओल, उष्णता आणि घर्षण एकत्र आले की फोड येतो. त्याआधी त्या जागी चटका बसल्यासारखं जाणवतं, आणि मधे वेळ फार थोडा मिळतो. 'पुढच्या थांब्यावर बघू' म्हणायचं नाही. तिथेच बस, मोजा काढ, पाय कोरडा कर, खडा किंवा मोज्याची चुणी शोध. मग चिकटपट्टीचे कोपरे गोल कापून ती सुरकुती न पडता लाव, नाहीतर पट्टीचीच कड घासते. मोजे लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे घे, सुती मोजे घाम धरून ठेवतात. बूट संध्याकाळी, पाय सुजलेले असताना, तेच मोजे घालून घे. पायाच्या सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. यात्रेला निघताना त्या बुटांत किमान ८० ते १०० किलोमीटर झालेले असावेत. पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, आणि सरावात ते एकेक किलोने वाढव.

आजारपणात किंवा कामात आठवडा बुडाला तर तो भरून काढू नकोस. एक आठवडा गेला तर त्याआधीचा आठवडा पुन्हा कर, दोन गेले तर दोन पायऱ्या मागे जा. भरपाई म्हणून दुप्पट चालणारे नडगी धरून बसतात.

शेवटच्या दोन आठवड्यांत अंतर निम्म्यावर आण. तेव्हा पाय शिवशिवतात, तयारी कमी पडली असं वाटतं आणि एक शेवटचा मोठा पल्ला मारायचा मोह होतो. तो टाळ. निघायच्या चार-पाच दिवस आधी नखं सरळ काप, कोपरे खोल घेऊ नकोस. सध्या मात्र या आठवड्यात लांब पल्ला ९ किलोमीटरवर आण, आणि टाच सकाळी पहिल्या पावलाला दुखते का ते मला कळव.

तुझा शुभचिंतक