हवी तेवढी आमटी आणि फुकटचा दुसरा पेला

प्रश्न : लातूरला आमची खानावळ आहे. ताटाला भाकरी मोजून, येसर आमटी हवी तेवढी. दुपारी दोननंतर गिऱ्हाईक म्हणतं, आमटी पाणचट झाली. महिन्याचा हिशोबही जुळत नाही. आमटी मोजून द्यावी का?

उत्तर : नका. आमटीच्या जोरावर जादा भाकरी खपते आणि तिचे पैसे तुम्ही घेताच. गळती खरकट्यात शोधा. तीन दिवस ताटांत उरलेली आमटी वेगळ्या बादलीत ओतून मोजा. रोज ४ लिटर निघाली, तर २०० मिलीच्या २० वाट्या मोरीत गेल्या. दोष बहुधा मोठ्या पळीचा असतो. गिऱ्हाईक ‘थोडी’ म्हणतं आणि वाढपी वाटी काठोकाठ भरून मोकळा होतो. १०० मिलीची पळी आणा. पहिल्यांदा दोन पळ्या, पुढे दर वेळी विचारून एक. पाचव्यांदा मागितली तरी वाढा, तोंड वाकडं न करता.

पाणचटपणाचं कारण वेगळं. येसरात भाजून दळलेलं धान्य नि डाळी असतात. आचेवर राहिली की आमटी आळत जाते. मग गर्दीत कुणीतरी माठातलं तांब्याभर पाणी ओततं. मीठ-तिखट उतरतं, वर पाणी आणि तळाला गाळ. शेजारी उकळतं पाणी ठेवा; लिटरभर आमटीला एका वेळी १०० मिली, सोबत चिमूटभर मीठ. पातळ झालीच तर दोन चमचे येसर गार पाण्यात कालवून घाला आणि पाच मिनिटं उकळा. कोरडं टाकलं की गुठळ्या होतात. वाढताना तळापासून ढवळा, नाहीतर पहिल्या पंगतीला पाणी आणि शेवटच्या पंगतीला पिठलं. ताटातली उरलेली आमटी परत पातेल्यात घालू नये, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

प्रश्न : नांदेडच्या एका हॉटेलात फलकावर ‘ताक रिफिल फ्री’ होतं. बिलात दुसऱ्या पेल्याचे ३० रुपये लावले. म्हणाले, थाळी घेतली तरच फ्री. काय करावं?

उत्तर : ती अट फलकावरच हवी होती. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार अटीची तळटीप दाव्याच्याच भाषेत आणि ठळक हवी. फलक मराठीत आणि अट आतल्या इंग्रजी मेन्यूत, हे चालत नाही. फलकाचा फोटो आणि बिल जपून ठेवा, आधी मालकाला दाखवा; बहुतेक वेळा तिथंच मिटतं. नाही मिटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच, पण ३० रुपयांसाठी तारखा कोण घेणार?

एक मात्र बघा : ‘रिफिल फ्री’ म्हणजे अमर्याद असं नाही. किती वेळा, ते बसतानाच विचारा. हॉटेलवाल्यांनीही घाबरू नये. समजा दही ८० रुपये किलो. किलोत ३ लिटर पाणी घातलं की २०० मिलीचे साधारण २० पेले होतात, म्हणजे दह्याचा खर्च पेल्याला ४ रुपये.

प्रश्न : अमर्याद थाळी एक आणि जेवणारे दोघं, चालतं का?

उत्तर : ‘एक थाळी, एक माणूस’ असं आधी लिहिलेलं असेल तर नाही. लिहिलेलं नसेल तर वाढण्याआधी विचारून घ्या. पार्सलला रिफिल सहसा कुणी देत नाही.