बेल्ट नवा, तरी आवाज जुनाच

प्रश्न : माझी छोटी पेट्रोल गाडी 14 वर्षांची आहे. सकाळी सुरू करताच बॉनेटमधून कर्कश किंचाळी येते, एसी लावला की ती वाढते आणि इंजिन तापल्यावरही बारीक चिवचिव चालूच राहते. वर्षभरात दोन फॅन बेल्ट बदलले. गॅरेजमध्ये दर वेळी बेल्ट ताणून वर स्प्रे मारतात. दोन-तीन आठवडे बरे जातात, मग पुन्हा तेच. काढलेल्या बेल्टला तडे नाहीत, पण त्याच्या एका कडेचे धागे सुटले आहेत. महिन्यातून दोनदा कुंभार्ली घाटाने कराडला जावे लागते. बेल्ट तुटला तर इंजिन निकामी होईल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : जुना बेल्ट आपण टाकून दिला नाहीत हे फार बरे झाले, कारण निम्मे उत्तर त्या सुटलेल्या धाग्यांतच आहे. बेल्ट सरळ धावत असेल तर त्याच्या दोन्ही कडा सारख्या झिजतात. एकच कड विसकटली असेल, तर कोणती तरी पुली (बेल्ट ज्यावरून फिरतो ते चाक) इतरांच्या रेषेत नाही आणि बेल्ट प्रत्येक फेऱ्यात तिच्या कडेला घासत आत शिरतो आहे, असे समजावे. आपल्याला ऐकू येणारी चिवचिव बहुधा हीच आहे. किंचाळीची गोष्ट वेगळी. इंजिन सुरू होताच बॅटरी भरून काढण्यासाठी अल्टरनेटरवर, म्हणजे वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, एकदम भार येतो, एसी लावल्यावर कॉम्प्रेसरचा भार वाढतो, आणि तो न पेलल्यामुळे बेल्ट पुलीवर घसरतो. कोकणातल्या दमट हवेत सकाळी हे अधिक जाणवते.

खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे पाणी. इंजिन मंद चालू ठेवून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर फवारणीच्या बाटलीने थोडेसे पाणी मारावे. हात, बाही, ओढणी बेल्टपासून लांब ठेवावी. आवाज क्षणभर थांबून परत आला, तर दोष पुलीच्या रेषेत आहे. पाण्याने आवाज उलट वाढला, तर ताण कमी आहे. आवाजात काहीच फरक पडला नाही आणि तो घरघरीसारखा असेल, तर बेअरिंगचा संशय घ्यावा. अशा वेळी इंजिन बंद करून बेल्ट उतरवावा आणि अल्टरनेटर, वॉटर पंप, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) यांच्या पुल्या एकेक करून हाताने फिरवाव्यात. जी खरखरते किंवा बोटांना डुगडुगताना जाणवते, ती दोषी. वॉटर पंपाखाली कूलंटचे वाळलेले डाग आहेत का, हेही त्याच वेळी पाहावे, कारण बेल्टवर कूलंट किंवा ऑइल पडत असेल तर नवा बेल्टही महिनाभरात ओरडू लागतो.

तडे नाहीत म्हणून बेल्ट चांगला, हा समज आता सोडायला हवा. पूर्वीच्या निओप्रीनच्या बेल्टला वयाबरोबर तडे जात असत. आताचे ईपीडीएम रबराचे बेल्ट टायरसारखे झिजतात, त्यांच्या खाचा रुंद व खोल होतात आणि वरून पाहता बेल्ट धडधाकट दिसतो.

स्प्रे मात्र कृपया बंद करावा. त्याच्या चिकटपणाने आवाज काही दिवस दबतो, पण त्यावर धूळ बसते आणि मूळ दोष तसाच राहतो. बेल्ट पुनःपुन्हा ताणणे तर त्याहून वाईट, कारण जादा ताणाचा सगळा भार अल्टरनेटर आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगांवर येतो. आपल्या गाडीत एखादे बेअरिंग त्यामुळेच सैल झाले असण्याची शक्यता मला वाटते. तिसरा बेल्ट घेण्याआधी पुल्यांवर सरळ पट्टी लावून त्यांची रेषा तपासण्यास आणि अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचे बोल्ट पाहण्यास मेकॅनिकला आग्रहाने सांगावे.

आता इंजिन निकामी होण्याविषयी. बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकतात ते टायमिंग बेल्टच्या, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या तालात ठेवणाऱ्या बेल्टच्या बाबतीत. तो कव्हरच्या आत असतो. मारुती 800 मध्ये तो आहे, मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत त्याच्या जागी चेन आहे. आपला बेल्ट बाहेरचा आहे. तरीही तो तुटला तर चार्जिंग बंद पडते, आणि अनेक गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर चालत असल्यामुळे घाटाच्या चढावर इंजिन काही मिनिटांत उकळू लागते. बॅटरीचा लाल दिवा लागला आणि तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर गाडी लगेच कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि ते गार होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. दुरुस्ती होईपर्यंत कराडची फेरी एसटीने करावी, असे मी आपल्याला सुचवेन.