गार्गीचा दुसरा प्रश्न

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने झोपताना विचारलं, "सगळं देवाने केलं, तर देवाला कोणी केलं?" मी "असं विचारू नये" म्हणून दटावलं. ती गप्प झाली, मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. शिवाय सासूबाई गेल्यापासून दोन-तीनदा त्यांची चाहूल लागल्यासारखं वाटलंय, तेही तिला कळलंय. अलौकिक असं काही खरंच असतं का? तिला काय सांगू?

उत्तर : ताई, दटावलंत याचा फार त्रास करून घेऊ नका. याज्ञवल्क्य ऋषींनीही तेच केलं होतं. बृहदारण्यक उपनिषदात जनक राजाच्या सभेत विदुषी गार्गी त्यांना विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत विणलेलं आहे, तर पाणी कशात? वायूत. मग वायू कशात? असं एकेक पायरी चढत ती ब्रह्मलोकापर्यंत जाते आणि तो कशात, असं विचारते. तेव्हा याज्ञवल्क्य म्हणतात, गार्गी, अतिप्रश्न करू नकोस, डोकं गळून पडेल. ती गप्प बसते. पण त्याच सभेत ती पुन्हा उभी राहते. धनुर्धराने दोन बाण घेऊन यावं तसे मी दोन प्रश्न आणलेत, म्हणते. या वेळी तिला उत्तर मिळतं : अक्षर. जे जाड नाही, बारीक नाही, ज्याला क्षय नाही. मला गार्गी आवडते ती या दुसऱ्यांदा उभं राहण्यासाठी. तुमच्या मुलीलाही तेवढी संधी द्या.

कारण तिचा प्रश्न पोरकट नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांनी १९२७ च्या एका व्याख्यानात सांगितलं की अठराव्या वर्षी याच प्रश्नापाशी त्यांचा 'आदिकारण', म्हणजे सगळ्याचं पहिलं कारण देव, या युक्तिवादावरचा विश्वास उडाला. प्रत्येक गोष्टीला कारण लागत असेल तर देवालाही लागेल. एखादी गोष्ट कारणाशिवाय असू शकत असेल, तर ती हे जगच का नसावी?

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, याला चांगलं उत्तर दिलं आहे, ते मुलीपासून लपवू नका. ते म्हणतात, मडक्याला कुंभार लागतो कारण मडकं 'कार्य' आहे, ते कधीतरी झालेलं आहे. देव झालेलाच नाही, मग त्याला कर्ता कशाला? युक्तिवाद नीटस आहे, पण त्यासाठी जगही मडक्यासारखं कधीतरी 'झालेलं' असावं लागतं. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी आणि जैनांनी नेमकं तेच नाकारलं. आजचं भौतिकशास्त्र सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वीच्या अतितप्त, घट्ट विश्वापर्यंत मागे जातं. त्याआधी काय, किंवा 'आधी' हा शब्द तिथे चालतो का, हे कुणालाच ठाऊक नाही. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर शेवटी म्हणतं, ही सृष्टी कुठून आली हे परम आकाशातला तिचा अध्यक्ष जाणत असेल, किंवा त्यालाही माहीत नसेल. मी देव मानत नाही, तरी या ओळीपुढे माझं मस्तक झुकतं.

आता चाहूल. मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, आणि माझे यजमान गेल्यावर कित्येक रात्री मला त्यांच्या चष्म्याचं घर टेबलावर ठेवल्याचा आवाज ऐकू आला. तोच, छोटा, टक असा. एका रात्री दिवा लावून मी टेबलापाशी बसून राहिले. हवा गार झाली की त्याच्या फळीचा जोड आकसून वाजत होता. उलगडा झाला तेव्हा मला आनंद झाला नाही, रडू आलं. ते जिवंत असतानाही तो जोड वाजत असणारच; तेव्हा त्याकडे माझे कान नव्हते.

विक टँडी नावाच्या इंग्रज अभियंत्याला प्रयोगशाळेत एकटं असताना घाम फुटला, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी पकडीत आवळलेलं तलवारबाजीचं पातं आपोआप थरथरताना त्याने पाहिलं आणि मागोवा घेतला. एका पंख्यामुळे सेकंदाला सुमारे १९ कंपनांची, कानाला ऐकू न येणारी लहर खोलीत उभी राहत होती. पंख्याची बैठक बदलल्यावर ते सगळं थांबलं. १९९८ मध्ये त्याने हे छापलं. सगळ्या चाहुलींचं कारण हेच, असं नाही. पण नीट तपासल्यावरही अलौकिकच उरलं, असं एकही उदाहरण मला आजवर भेटलेलं नाही.

म्हणून आज रात्री मुलीला सांगा, "काल मी चुकले. मला उत्तर येत नव्हतं म्हणून रागावले." मग तिला काय वाटतं ते विचारा, आणि पूर्ण ऐका. पुन्हा चाहूल लागली तर वेळ, खोली, वारा होता का, कुठलं यंत्र चालू होतं, हे वहीत लिहा. ती घाबरत नसेल तर वही तिच्याकडेच द्या. सासूबाई कशा चालायच्या, कशा खाकरायच्या, हेही तिला त्याच वहीत लिहू द्या.