इंजिनाचं काम केल्यापासून गाडी पन्नासच्या पुढे थरथरते. काय तपासावं?

इंजिन उतरवून बोअर मारला (सिलिंडर आतून कापून मोठा केला), नवा पिस्टन टाकला, आणि तेव्हापासून ५०-५५च्या पुढे हँडल नि फूटरेस्ट झिणझिणतात, असं तुम्ही लिहिलंय. मेकॅनिक म्हणतो चालवा, सेट होईल. मलाही देवगडात हेच ऐकवलं होतं : "रनिंगात आसा, होतला सेट." दोन महिने वाट बघितली, काही होऊक नाय.

नवा पिस्टन घट्ट असतो. गाडी जरा जास्त तापते, ओढायला जड वाटते, ते चालवून निवळतं. पण पायाला मुंग्या आणणारी थरथर पिस्टनच्या रिंगा बसल्याने जात नाही.

आधी ती इंजिनाची की चाकाची, एवढं ठरवा. गाडी मेन स्टँडवर न्यूट्रलमध्ये ठेवून हळूहळू रेस वाढवा. उभ्या गाडीतही तीच झिणझिण आली तर टायर-चेनच्या मागे लागू नका. नाही आली तर सड्यावरचा, म्हणजे माळावरचा, सरळ मोकळा रस्ता गाठा (घाटीत हा प्रयोग नको), ६०ला क्लच दाबून रेस सोडा. तरी थरथरली तर मागचं चाक बसवताना तिरकं बसलंय का बघा. स्विंगआर्मवरच्या दोन्हीकडच्या खुणा सारख्या हव्यात.

पण मला संशय फाउंडेशन बोल्टांचा, म्हणजे इंजिन चासीला धरून ठेवणाऱ्या बोल्टांचा. आपल्याकडे खारा वारा. इंजिनाचा लांब बोल्ट गंजून आत असा धरतो की ठोकून निघत नाही, मग कापावा लागतो. माझा कापला होता, मला न सांगता. बदली हार्डवेअरच्या दुकानातला टाकला. दिसायला नवा, चकचकीत. मूळ बोल्टाचा मधला भाग गुळगुळीत असतो, भोकात गच्च बसतो. हा डोक्यापासून टोकापर्यंत आटे पाडलेला आणि केसभर बारीक. नट आवळलेला, तरी बोट लावलं की इंजिन चालू असताना बोल्टाचं डोकं वेगळं थरथरतंय हे कळायचं. कंपनीचा बोल्ट मागवून, ग्रीस लावून बसवला आणि त्याच संध्याकाळी कुणकेश्वरला जाऊन आलो. आरसा पुन्हा आरशासारखा दिसायला लागला.

म्हणून बोल्ट एकेक काढून बघा. नंतर सगळे नट थोडे सैल ठेवून इंजिन हाताने हलवून जागी बसवा, मगच पाळीपाळीने आवळा. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलं की इंजिन ताणात बसतं. सायलेन्सरचंही तेच : आधी हेडकडचे नट, मग मागचा बोल्ट. ओढून बसवलेला पाइप सगळी थरथर चासीला देतो.

एवढं करूनही राहिली तर बिल काढा आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) बदललाय का ते वाचा. रॉड बदलायला क्रँक प्रेसवर उघडून पुन्हा जोडतात, आणि ती जरा वाकडी जुळली तरी गाडी थरथरते. तुमच्या गाडीत बॅलन्सर (इंजिनाची थरथर मारणारं फिरतं वजन) असेल तर त्याच्या गिअरची खूण एक दात चुकली तरी तसंच, आणि तेव्हा रेस न देताही जाणवेल. या दोन्हींत बाहेरून करण्यासारखं काही नाही. ज्याने काम केलं त्यालाच, मजुरी न देता, इंजिन पुन्हा उघडायला सांगा.